मोर्तब आणि चांदणी

(स्वारगेट परिसरातील वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



इथून, म्हणजे जेधे चौकातून, चालत निघालं तर अर्ध्या तासात माणूस सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दारात पोहोचतो. इतिहासकार राजवाडे आणि त्यांचे सहकारी मेहेंदळे यांनी १९१० साली उभी केलेली ही संस्था. मी पोटापाण्यासाठी संगणकांची व्यवस्था पाहणारी बाई. इतिहासाशी माझा संबंध शाळेतल्या पुस्तकापुरताच होता. पण काही वर्षांपूर्वी मोडी शिकायची हौस लागली आणि वर्गात एके दिवशी आमच्या शिक्षकांनी एका जुन्या पत्राची प्रत समोर ठेवली. पत्राच्या वरच्या बाजूला शिक्का होता, आणि शेवटच्या ओळीला अगदी चिकटून आणखी एक लहानसा शिक्का. शिक्षकांनी विचारलं, हा दुसरा कशाला? आम्ही म्हटलं, सही असेल. ते म्हणाले, हुकूम कोणाचा हे वरच्या शिक्क्यानं सांगून झालंय. हा खालचा शिक्का सांगतो की हुकूम इथं संपला. याच्या पुढे कोणी एक अक्षर लिहिलं तर ते धन्याचं नव्हे.

त्याला मोर्तब म्हणतात. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा असते आणि शेवटी मोर्तब असतं, त्यावर अक्षरं असतात: मर्यादेयं विराजते. ही मर्यादा इथे शोभते आहे. पुढे पेशव्यांच्या पत्रांवर याच जागी ‘लेखन सीमा’ अशी अक्षरं येतात. आपण रोजच्या बोलण्यात ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो तेव्हा दोन्ही एकच समजतो. ते एक नव्हे. शिक्का म्हणजे अधिकार, मोर्तब म्हणजे त्या अधिकाराची हद्द.

मला त्या दिवशी पुढचं काही ऐकू आलं नाही. एक जुनी चूक माझ्या मनात कितीतरी वर्षं ठसठसत होती, आणि तिचं नेमकं नाव मला त्या लहानशा शिक्क्यात सापडलं. आजचं व्याख्यान त्या चुकीबद्दल आहे. विषय संगणकातला आहे, पण समोर बसलेल्या आजोबांनाही तो समजेल अशी मी काळजी घेणार आहे, कारण तो मुळात परवानगी कशी लिहायची याचा विषय आहे.

युनिक्स नावाची संगणकप्रणाली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेली. तिच्या वंशातल्या आणि तिच्या वळणाच्या प्रणाली आज सगळीकडे आहेत. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे, आणि जगातले बहुतेक मोठे सर्व्हर त्यावरच चालतात. या प्रणालीत वापरणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक असतो, आणि शून्य क्रमांकाचा एक धनी असतो. त्याला रूट म्हणतात. रूटला कोणी अडवत नाही. तो कोणाचीही फाइल वाचू शकतो, पुसू शकतो, संगणक बंद करू शकतो, इतकंच काय, चालू प्रणालीच स्वतःच्या पायाखालून काढून घेऊ शकतो.

आता अडचण अशी की रोजच्या कामातली कितीतरी किरकोळ कामं रूटशिवाय होत नाहीत. छपाई अडकली, ती पुन्हा सुरू करायची. डिस्क भरली, जुन्या नोंदी काढून टाकायच्या. कोणी पासवर्ड विसरलं, त्याला नवा द्यायचा. ही कामं पाळीवरच्या माणसानं करायची तर त्याला रूटचा पासवर्ड द्यावा लागेल. म्हणजे वाड्यातली पणती विझली म्हणून तिजोरीसकट सगळ्या किल्ल्या नोकराच्या हाती दिल्यासारखं.

त्यावर तोड निघाली १९८० च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या विद्यापीठात. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर या दोघांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव सुडो. मुळात ते ‘सुपरयूझर’, म्हणजे हाच रूट, आणि ‘डू’ यांचं जोडनाव, पण पुण्यात सगळे सुडोच म्हणतात. त्याच्या आधाराला एक जुनी युक्ती होती. एखादा प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो चालताना मालकाच्या हक्कानं चालावा, अशी खूण त्या प्रोग्रॅमवर करता येते. ही युक्ती डेनिस रिचींची, आणि तिचं अमेरिकी पेटंट १९७९ साली मिळालं. सुडोवर ती खूण असते. म्हणून तो स्वतः रूटच्या हक्कानं उभा राहतो, समोरच्या माणसाकडे पाहतो, एका यादीत त्याचं नाव आणि त्यानं मागितलेलं काम शोधतो, सापडलं तर करू देतो आणि नोंदवहीत लिहून ठेवतो. टॉड मिलर हे गृहस्थ १९९४ पासून हा प्रोग्रॅम सांभाळत आले आहेत. जगातल्या कोट्यवधी यंत्रांच्या दारावरचा हा रखवालदार इतकी वर्षं मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर उभा आहे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ती यादी हा आजचा खरा विषय. यादीतल्या एका ओळीत चार गोष्टी असतात: कोणी, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या नावानं, कोणता हुकूम चालवायचा.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी अष्टप्रधानांची कामं वाटून देणारा जो कानुजाबता केला, तो वाचताना मला या यादीचीच आठवण येते. एकेका प्रधानापुढे त्याचं काम मोजक्या शब्दांत दिलेलं आहे. त्यातलं सचिवाचं काम मला फार आवडतं. राजपत्रांतला मजकूर त्यानं तपासायचा आणि एखादं अक्षर अधिक-उणं झालं असेल तर ते शुद्ध करायचं. सुडोची यादी संपादित करायलाही असाच एक सचिव नेमलेला आहे, त्याचं नाव व्हायसुडो. तो एका वेळी दोघांना यादीत हात घालू देत नाही, आणि लिहिलेल्या ओळीचं व्याकरण चुकलं असेल तर ती जागेवर बसू देत नाही. पण त्याच्या नजरेला मर्यादा आहे. अक्षर अधिक-उणं झालं तर त्याला दिसतं, अधिकार अधिक-उणा झाला तर दिसत नाही. तिथं माणूसच लागतो.

आणि अधिकार अधिक होण्याचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे ही खूण: *. संगणकवाले तिला स्टार म्हणतात. मी आज तिला चांदणी म्हणणार आहे. चांदणीचा अर्थ ‘इथे काहीही चालेल’.

चांदणी मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. समोर स्वारगेटच्या स्टँडवर एसटीचा एक पास मिळतो, ‘आवडेल तेथे प्रवास’. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. घ्या आणि साताऱ्याला जा, तिथून कोल्हापूरला जा, मन झालं तर कोकणात उतरा. ही सरळसरळ चांदणी आहे, गावाच्या नावाच्या जागी. पण त्या पासावर बाकीचं किती पक्कं लिहिलेलं असतं! नाव कोणाचं, तारीख कोणती ते कोणती, गाडी कोणत्या प्रकारची. मोकळीक फक्त एका जागी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंत. पास दाखवून कोणी ड्रायव्हरच्या जागेवर बसत नाही. चांगली चांदणी अशी असते. ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं.

सुडोच्या यादीतली चांदणी तशी नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हुकुमाच्या नावात, म्हणजे प्रोग्रॅमच्या पत्त्यात, चांदणी घातली तर ती कप्पे वेगळे करणारी तिरकी रेघ (/) ओलांडत नाही. एका कपाटातली कोणतीही वस्तू, एवढाच तिचा अर्थ. आतल्या कप्प्यात ती जात नाही. पण हुकुमानंतर जे तपशील येतात, कोणती फाइल, कोणता पर्याय, तिथे हीच चांदणी घातली की तिचा स्वभाव बदलतो. कारण सुडो ते सगळे तपशील एकामागे एक जोडून त्यांची एक सलग ओळ करतो आणि मग चांदणीशी ताडून पाहतो. शब्द कुठे संपला हे त्या ओळीत त्याच्या लेखी उरत नाही. मधली मोकळी जागा हेसुद्धा त्याला एक अक्षरच. चांदणी ते गिळते, तिरकी रेघ गिळते, पुढचा सगळा मजकूर गिळते.

मोडी वाचणाऱ्यांना हे लगेच समजेल. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जातात. शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. म्हणूनच तर अशा लिखाणाला शेवटी मोर्तब लागतं.

सुडोच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत यावर एक उदाहरण दिलेलं आहे. पाळीवरच्या माणसांना यंत्राच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून यादीत असं लिहिलं: कॅट /वार/लॉग/मेसेजेस*. कॅट म्हणजे फाइल वाचून दाखवणारा हुकूम. लिहिणाऱ्याच्या मनात काय? मेसेजेस.१, मेसेजेस.२ अशा आठवड्याच्या जुन्या नोंदी. चांदणी म्हणजे तो शेवटचा आकडा. पण पाळीवरच्या माणसानं ‘मेसेजेस’ लिहून एक मोकळी जागा सोडली आणि पुढे ‘/इटीसी/शॅडो’ लिहिलं, तर सुडो तेही चालू देतो. शॅडो ही फाइल म्हणजे त्या यंत्रावरच्या सगळ्यांच्या पासवर्डांचे ठसे. नोंदी वाचायची परवानगी होती, त्याच परवानगीवर तिजोरी वाचून झाली. कोणी कुलूप तोडलं नाही, कोणी यादीत खाडाखोड केली नाही.

इथे कोणाला ‘ध’चा ‘मा’ आठवेल. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची आख्यायिका तेव्हापासून पुण्याच्या तोंडी आहे. पण ती गोष्ट वेगळी. तिथे लिहिलेलं अक्षर बदललं, असं लोक सांगतात. माझा विषय त्याहून सोपा आणि म्हणून जास्त भयंकर आहे. इथे लिहिलेलं अक्षर न अक्षर तसंच राहतं. पत्राच्या शेवटी जागा उघडी राहिली, एवढंच. आपण चेक लिहिताना ‘रुपये पाचशे फक्त’ लिहितो आणि पुढे आडवी रेघ ओढतो ना? तो ‘फक्त’ म्हणजे घरोघरी पोचलेलं मोर्तब आहे. तो विसरला की पाचशेच्या पुढे काय काय लिहिता येतं, ते बँकेच्या कोणत्याही जुन्या कारकुनाला विचारा.

आता माझी चूक.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. पुण्यातल्या एका कार्यालयात मी यंत्रांची व्यवस्था पाहत होते. नाव सांगत नाही, गरजही नाही. रात्रपाळीला एक मुलगा असे, भोरकडचा. संध्याकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरायचा आणि पाळीवर यायचा. नीटनेटका, कमी बोलणारा. रात्री डिस्क भरण्याचा त्रास वरचेवर होई आणि दर वेळी तो मला उठवत असे. मी कंटाळून यादीत एक ओळ लिहिली. आरएम म्हणजे पुसायचा हुकूम, त्यापुढे ‘-आरएफ’, म्हणजे आतल्या कप्प्यांसकट आणि न विचारता, आणि त्यापुढे जुन्या नोंदींच्या कप्प्याचा पत्ता: /वार/लॉग/अ‍ॅप/*. माझ्या मनात चांदणी म्हणजे त्या कप्प्यातल्या तारीखवार घड्या. व्हायसुडोनं व्याकरण तपासलं, ओळ बसली, आणि काही महिने मला रात्रीचा फोन आला नाही. मला वाटलं, किती छान काम झालं.

एका रात्री डिस्क पुन्हा भरली. त्या मुलाला दोन कप्पे मोठे दिसले. एक जुन्या नोंदींचा. दुसरा ‘आवक’ नावाचा, जो त्याला जुन्या प्रतींचा वाटला. त्यानं एकाच ओळीत दोन्ही पत्ते लिहिले, मध्ये एक मोकळी जागा सोडून. ओळीची सुरुवात माझ्या नियमाप्रमाणे होती, पुढचं सगळं चांदणीनं गिळलं. सुडोनं परवानगी दिली. आवकच्या कप्प्यात त्या दिवशी बाहेरून आलेले आणि अजून हिशेबात न चढलेले सगळे कागद होते. आदल्या रात्रीपर्यंतची प्रत होती, पण त्या दिवसाची कुठेच नव्हती. पुढचे तीन दिवस माणसं कागदी पावत्यांवरून पुन्हा आकडे भरत बसली.

चौकशी झाली. नोंदवही उघडली. सुडो प्रामाणिकपणे सगळं लिहून ठेवतो, तसं त्यानं लिहून ठेवलं होतं: अमुक माणसानं अमुक वाजता हा हुकूम चालवला. त्या मुलाचं नाव होतं, वेळ होती, पूर्ण ओळ होती. माझं नाव कुठेच नव्हतं. श्रोतेहो, ही गोष्ट मला तेव्हापासून सुटलेली नाही. हुकूम चालवणाऱ्याचं नाव नोंदवहीत राहतं, परवानगी लिहिणाऱ्याचं राहत नाही.

त्याला विचारलं, दुसरा पत्ता का टाकला? तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “मॅडम, चालायला नको होतं तर मशीननं अडवलं असतं ना?”

त्याला बेफिकीर म्हणणारे त्या खोलीत होते. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण माझाही समज तोच होता की माझा नियम त्याला त्या कप्प्याबाहेर जाऊ देत नाही. मग हे घडलं कसं? दोन दिवस मी माहितीपुस्तिका ओळीनं वाचत बसले, तेव्हा ते मोकळ्या जागेचं वाक्य सापडलं. मी वरिष्ठांना जाऊन सांगितलं की दोष ओळीचा आहे आणि ओळ माझी आहे. पण तोवर कागदावर निकाल उतरला होता. महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. मी त्याला फोन करून सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

त्याचं ते वाक्य पुन्हा ऐका. तो नियमाला कुंपण समजत होता. कुंपण आहे म्हणून तो निर्धास्त होता, आणि त्याचं बरोबर होतं. ज्याला थोडी परवानगी मिळते तो माणूस तिच्या कडेपर्यंत जाणारच, कारण कड आहे असं आपण त्याला सांगितलेलं असतं. नेमका नियम हा धन्याच्या मालमत्तेपुरता नसतो, पाळीवरच्या माणसाच्या अब्रूचंही ते संरक्षण असतं. सुरक्षेवरच्या चर्चेत नेहमी चोराची गोष्ट सांगतात. चोर असतात, नाही कशाला म्हणू? पण मी पाहिलेल्या कामात उघड्या चांदणीनं चोरापेक्षा भल्या माणसांचं जास्त नुकसान केलेलं आहे.

चांदणीची भावंडंही आहेत, ती थोडक्यात सांगते. पहिलं भावंड म्हणजे मौन. यादीत नुसतं हुकुमाचं नाव लिहिलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही, तर नव्या माणसाला वाटतं की तपशिलाशिवाय चालवायची परवानगी दिली. उलट आहे. काही न लिहिणं म्हणजे कोणताही तपशील चालेल. ‘पुढे काही नको’ असं सांगायचं तर दोन अवतरणचिन्हं मध्ये काही न घालता लिहावी लागतात: "". ती दोन चिन्हं म्हणजे सुडोच्या भाषेतली लेखन सीमा. इतकी लहान खूण, आणि मी पाहिलेल्या याद्यांमध्ये ती क्वचितच दिसते.

दुसरं भावंड, ‘हे सोडून सगळं’. अमुक माणसाला सगळे हुकूम द्या, फक्त एक-दोन नकोत. हे कागदावर शहाणपणाचं दिसतं. पण नको असलेल्या प्रोग्रॅमची दुसऱ्या नावानं प्रत केली की नकार संपला, कारण नकार नावाला होता. २०१९ च्या ऑक्टोबरात तर खुद्द सुडोमधलीच एक चूक उघडकीला आली. यादीत असं लिहिता येतं की हा माणूस कोणाच्याही नावानं हुकूम चालवू शकेल, फक्त रूटच्या नावानं नाही. अशा माणसानं वापरणाऱ्याचा क्रमांक म्हणून उणे एक दिला, की सुडोची तपासणी त्याला रूट नव्हे असं समजून सोडे, आणि पुढे प्रणाली त्या उणे एकचा अर्थ ‘आहे ते बदलू नका’ असा लावी. सुडो आधीच रूट म्हणून उभा, त्यामुळे हुकूम रूट म्हणूनच चाले. चूक लगेच दुरुस्त झाली. पण ती चूक ज्या ओळींमुळे धोक्याची ठरली त्या ओळी ‘सोडून सगळं’ याच साच्यातल्या होत्या. ज्यांनी ‘एवढंच’ असं लिहिलं होतं, त्यांच्या यंत्रांना तिनं हातही लावला नाही.

आणि तिसरं, ज्याला मी आतली दारं म्हणते. व्हीआय हा लिहायचा प्रोग्रॅम, लेस हा पानं उलटून वाचायचा प्रोग्रॅम. या दोघांतून आत बसल्या बसल्या दुसरा हुकूम चालवता येतो. एकच फाइल उघडायची परवानगी अगदी नेमकी लिहिली, चांदणी नाही, मोर्तब आहे, तरी रूटच्या हक्कानं उघडलेल्या त्या खिडकीतून माणूस वाड्यात शिरू शकतो. म्हणून फाइल बदलू द्यायची असेल तर सुडोएडिट वापरतात. त्यात फाइलची प्रत माणसाच्या स्वतःच्या हक्कानं उघडते आणि बदल झाल्यावर परत जागेवर ठेवली जाते. पण सुडोएडिटच्या पत्त्यातही चांदणी जपूनच.

मग करायचं काय? जिथे कामं मोजता येतात तिथे ती मोजून लिहावीत. पाच फाइली असतील तर पाच ओळी. यादी लांब झाली तर होऊ दे, ती वाचायला लागतो तो वेळ वाया जात नाही. जिथे खरंच बदलता भाग आहे तिथे त्या भागाचा आकार सांगावा. सुडोत चौकटी कंसात ०-९ लिहिलं की त्या जागी एकच आकडा बसतो, मोकळी जागा नाही, तिरकी रेघ नाही. २०२२ मध्ये आलेल्या १.९.१० या आवृत्तीपासून याहून नेमके साचे लिहिता येतात. त्यात सुरुवातीला एक खूण आणि शेवटी डॉलरची खूण घालावीच लागते, म्हणजे साचा कुठे सुरू आणि कुठे संपला हे सांगितल्याशिवाय चालतच नाही. मोर्तब सक्तीचं झालं, असं मी समजते.

त्याच्याही पुढची पायरी अलीकडे पडली. रस्ट या भाषेत सुडो नव्यानं लिहिला गेला आहे. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू आवृत्तीत तोच सुडो म्हणून आधीपासून बसवलेला आहे. त्याच्या कर्त्यांनी जुन्या सुडोतल्या काही सोयी मुद्दाम घेतल्या नाहीत. त्यांतली एक म्हणजे तपशिलाच्या जागची चांदणी. हुकुमाच्या नावात त्यांनी ती ठेवली, तपशिलात ठेवली नाही. कारण त्यांना इथे वरचेवर होणाऱ्या चुका टाळायच्या होत्या. ते वाचलं त्या संध्याकाळी मी बराच वेळ खिडकीत बसून होते. माझ्या हातून घडलेली चूक इतक्या लोकांच्या हातून घडली होती की शेवटी कुणीतरी ती करण्याची सोयच काढून टाकली.

तुमच्यापैकी जे अशा कार्यालयांत काम करतात त्यांना एक विनंती. यादी लिहिणारे नसाल, नुसते वापरणारे असाल, तरी ‘सुडो -एल’ एवढा हुकूम चालवून पाहा. तुमच्या नावावर काय काय लिहिलेलं आहे ते तो दाखवतो. तिथे चांदणी दिसली तर लिहिणाऱ्याकडे जा आणि म्हणा, हे एवढं मला नको, माझ्या कामापुरतं द्या. आपल्याकडे अधिकार कमी करून मागायची रीत नाही, माणसाला तो अपमान वाटतो. त्या भोरच्या मुलाला कोणी हे आधी सांगितलं असतं तर त्यानं नक्की मागितलं असतं.

तो गेल्यानंतर मी ती ओळ बदलली. चांदणी पुसली आणि तिच्या जागी एकापुढे एक आठ चौकटी कंस लिहिले, प्रत्येकात ०-९. चार वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे. आठ आकडे, कमी नाही, जास्त नाही, आणि त्यानंतर ओळ संपली. रात्रपाळीला नवा मुलगा आला होता. त्याला मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं.

पहिल्याच पंधरवड्यात रात्री अडीचला फोन वाजला. डिस्क भरली होती, त्यानं दोन कप्पे एकाच ओळीत लिहिले होते.

“मॅडम, माझं काही चुकतंय का? नाही म्हणतंय ते.”

मी म्हटलं, थांब, मी उठते, आपण दोघं मिळून बघू.